गिरणीच्या दारातली परराष्ट्रनीती

दिवाळी आठ दिवसांवर आली असताना गडमुडशिंगीत शालन कांबळे यांच्या पिठाच्या गिरणीच्या दारात एक चिलखती लष्करी गाडी बंद पडली. आपला देश आणि एक मित्रदेश यांनी मिळून बनवलेली ही गाडी प्रदर्शनासाठी कोल्हापूरला निघाली होती. गिरणीचं दार पुरतं अडलं. भाजणीचे डबे घेऊन आलेल्या बाया गाडीला वळसा घालून बघत आणि वाट नाही म्हटल्यावर पुढच्या गिरणीकडे जात. शालनचं वर्ष या आठ दिवसांवर निघायचं.

संध्याकाळी संयुक्त मालकी निश्चिती समिती हजर झाली. अध्यक्ष दत्तप्रसाद इनामदार, राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"पावणं, ही कवा हालायची?" शालनने विचारलं.

"बाई, हलवायला मालकाची परवानगी लागते. मालक म्हणजे राष्ट्र. कोणतं राष्ट्र, तेवढंच ठरायचं आहे."

"कुणाची बी असंना, दार माझं हाय की! धा गडी लावलं तर जाईल ढकलत."

"ढकलल्यावर ती परदेशी निघाली, तर आंतरराष्ट्रीय पेच. आपली निघाली, तर राष्ट्राचा अपमान."

शालनला दोन्हीही परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या भागांची छाननी सुरू झाली. इंजिन तिकडचं, पण त्याचा आराखडा काढणारा इंजिनिअर मूळचा वारणानगरचा. पत्रा इकडचा, पण त्याचं लोखंड तिकडून आलेलं. चाकांत हवा मात्र गावातल्याच पंक्चरवाल्याने भरलेली. तीन दिवसांनी हवेपुरतं एकमत झालं आणि टाळ्या पडल्या.

मग गावाला चेव आला. गुंडू चौगुलेच्या मेहुण्याच्या कारखान्यात गिअरबॉक्सचं झाकण ओतलेलं होतं. गुंडूने गाडीला भगवा फेटा बांधला, नारळ फोडला.

"झाकण आमचं हाय म्हटल्यावर गाडी आमचीच की!"

"मग बंद का पडली रं?" कुणीतरी विचारलं.

"बंद पडलंय त्यांचं इंजिन. झाकण अजून झाकलेलंच हाय."

रोज दीडशे माणसं वादाला जमू लागली. बसायला शालनचा ओटा, प्यायला शालनचं पाणी. सहाव्या दिवशी तिने तालमीतले दहा पैलवान हातापाया पडून आणले. दोरखंड खांद्यावर टाकून ते आले, त्यांनी गाडीला चक्कर मारली, पाच-पाचच्या दोन बाजू केल्या आणि वादाला बसले. शालनला रडूच कोसळलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी समितीचा अहवाल वाचून दाखवण्यात आला. गाडीचं राष्ट्रीयत्व सद्यःस्थितीत निश्चित करता येत नव्हतं. मात्र तपासात घटनास्थळावरील एका वस्तूची मालकी निर्विवाद आढळली होती, ती म्हणजे गिरणी. सबब, जी वस्तू हलवण्यास कोणत्याही राष्ट्राची हरकत नाही, ती हलवण्यात यावी.

"अभिनंदन, बाई," इनामदार म्हणाले. "इतकी स्वच्छ मालकी मी आयुष्यात पाहिली नव्हती."

बुलडोझर आला. शालन त्याच्यापुढे आडवी झाली आणि गर्दीकडे बघून ओरडली, "आरं, बोला की कुणीतरी! तुमच्या घरात माझंच पीठ हाय न्हवं?"

इतके दिवस अखंड बोलणारी दीडशे माणसं गप्प झाली. शेवटी गुंडूने मोबाईल वर धरला.

"शालनताई, वाईच बाजूला व्हा की. गाडी फोटूत नीट येईना."

गिरणी पडली. शालन आता कबनूरला यंत्रमागावर कामाला जाते असं म्हणतात. नक्की कुणी चौकशी केलेली नाही. आणि एवढं सगळं ऐकून तुम्हीही विचारणार ते हेच, की मग गाडी शेवटी ठरली कुणाची?