यंत्राने धाडिलेल्या शेलापागोट्यांचे वर्तमान

श्रीशारदा प्रसन्न. खडू, फळा आणि घंटा यांस साक्ष ठेवून वाचकस्वामींचे पायी लेखकाचा दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, पौष शुद्ध पक्षी, थंडी उत्तम पडली असता एके राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहितो. राज्याचे नाव विचारू नये, आणि विचारिले तरी सांगणे नाही, कारण आमचे धाकटे चिरंजीव तेथेच नववीत आहेत आणि त्यांचे गणिताचे मार्क अद्याप लागावयाचे आहेत.

ते राज्य म्हणजे माळावरची एक शाळा, आणि त्यात बारावी नामे दौलत सर्वांत थोर. बारावीचे सरदार पहाटे क्लासवर स्वारी करीत, मग दुपारी प्रयोगशाळेत जाऊन काचेच्या नळ्या फोडीत, आणि मग जर्नले एकमेकांची पाहून लिहीत, आणि सायंकाळी फाटकाबाहेरील चहाच्या टपरीवर बैसोन अवघ्या जगाचा निकाल लावीत. त्यांत शार्दूलराव देसाई म्हणोन मुख्य कारभारी होते, वर्गप्रतिनिधीपद त्यांजकडे, बुद्धी तल्लख, मोबाइल भारी, आणि पुढील पंचवीस वर्षांत काय होणार हे त्यांस मुखोद्गत होते. एके दिवशी टपरीवर मसलत बैसली की पुढे यंत्रे काय काय करतील. शार्दूलराव बोलिले, "डॉक्टर जाणार, ड्रायव्हर जाणार, मास्तर तर पहिले जाणार. यंत्र आपल्याला आपल्या आईपेक्षा जास्त ओळखणार, बघाच तुम्ही." जुईली साबळे म्हणोन एक सरदार होत्या, त्या बोलिल्या, "ओळख राहू दे रे, भांडी घासणारं स्वस्तात निघालं तर सांग, आमच्या घरी उद्याच आणते." मग इरफान तांबोळी, ज्यांचे वडिलांचे शिवणकामाचे दुकान पेठेत आहे आणि ज्यांचे ठाणे कायम मागील बाकावर, ते बोलिले, "यंत्र माप घेईल भावा, पण गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, ते त्याला कळणार आहे का?" यावर सारे हसले, आणि मग एकेकाने आपापले म्हणणे सांगितले, आणि बाकाचे टोकास केतकी गायधनी बैसल्या होत्या त्यांनीही काही सांगावयास तोंड उघडिले, इतक्यात चहा आला आणि विषय वड्यावर गेला. केतकीबाईंनी तोंड मिटिले आणि चहा घेतला.

आता या केतकीबाई कोण हे सांगणे प्राप्त. खिडकीजवळील तिसऱ्या बाकावर त्यांचे ठाणे, बोलणे थोडे, आवाज त्याहून थोडा, आणि वर्गातील बहुतेकांस त्यांचे आडनाव आठवावयास कपाळ चोळावे लागे. आणि त्या राज्यात एक जुना रिवाज होता की संमेलनाचे दिवशी बारावीच्या प्रत्येकास शेलापागोटे द्यावे. नाव ऐकोन कोणी भरजरी वस्त्र समजेल तर तसे नव्हे, हा टोमण्याचा आहेर. ज्याची जी खोड ती दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, पेटीत टाकावी, आणि मग भर सभेत सरांनी ती वाचावी, आणि ज्याच्यावर आली त्याने उठोन मुजरा करून हसत हसत घ्यावी. पेटी आधी कोणी उघडो नये, ही सक्त ताकीद. रडवेल ऐसे शेलापागोटे आले तरी पोर घरी जाऊन दहा जणांस सांगे, कारण ते आले म्हणजे आपण होतो, लोकांनी आपणांस पाहिले, हा त्याचा अर्थ. आणि मागील साली अकरावीसही हौसेने ते दिले गेले तेव्हा केतकीबाई आईची मोरपंखी साडी नेसोन, हात मांडीवर ठेवून, पेटी उपडी होऊन तळ दिसेपर्यंत बसल्या, आणि त्यांचे नाव आले नाही. घरी आईने विचारिले, "तुझ्यावर काय आलं गं?" तेव्हा त्या बोलिल्या, "वेळ संपली, माझी राहिली." वेळ काही संपली नव्हती. यंदा शेवटचे वर्ष, यापुढे कोण कोठे जाईल त्याचा नेम नाही, तरी एक तरी यावे, वाईट आले तरी चालेल, इतकीच त्यांची आस होती, आणि ती त्यांनी कोणास बोलून दाखविली नाही.

ऐसे असता संमेलन जवळ आले आणि प्रिलिमही उरावर आली. चिठ्ठ्या लिहावयास कोणास फुरसत नाही. तेव्हा शार्दूलरावांनी मसलत काढिली की, "दोन वर्षांचे वर्गाच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज यंत्राला देऊ. कोण काय बोलतो, कोण किती वाजता झोपतो, सगळं आहे त्यात. निरोपसमारंभ आहे म्हणून सांगू. एकूण एकाचं शेलापागोटं तयार, कुणी सुटायचं नाही." हे शेवटले वाक्य केतकीबाईंचे कानी पडले आणि त्यांस मोठा धीर आला, की माणसे विसरतात पण यंत्र विसरणार नाही, यादीत नाव आहे म्हणजे आपले येणारच. इरफान बोलिले, "अरे, टोमणा मारायलाही आता यंत्र? मग आपण करायचं काय, उठाबशा?" पण सर्वांस अभ्यासाचे भय, त्यांचे कोणी ऐकिले नाही. मग यंत्राने चहा निवण्याआधी चिठ्ठ्या तयार केल्या, आणि रिवाजाप्रमाणे कोणी न वाचता छापून, घडी घालून पेटीत टाकिल्या. येथेच घात जाहला. पेटी उघडू नये हा नियम माणसांच्या चिठ्ठ्यांसाठी होता, पण रिवाज म्हटला की आमचे लोक डोळे झाकून पाळितात.

मग संमेलनाचा दिवस उगवला. मंडप दिला, रांगोळ्या घातल्या, सरदार मंडळी झब्बे आणि साड्या लेवोन आली, आणि केतकीबाई तीच मोरपंखी साडी नेसोन पुढून चौथ्या रांगेत बसल्या. मराठीचे नाईकवाडी सर, वृद्ध आणि रसिक, त्यांनी पेटी घेतली, चष्मा पुसला, आणि पहिली चिठ्ठी वाचिली: "जुईली साबळे, आपला स्वभाव मनमिळाऊ असून आपले भविष्य उज्ज्वल आहे." दुसरी वाचिली, तीही मनमिळाऊ. तिसरी जिद्दी आणि मनमिळाऊ. इरफान तांबोळी हे "सकारात्मक ऊर्जेचा झरा" निघाले, तेव्हा त्यांनी मागे वळोन पाहिले की हा दुसरा इरफान कोण. सर्वांचेच भविष्य इतके उज्ज्वल जाहले की त्या उजेडात कोणी ओळखू येईना. लोक जांभया देऊ लागले, अकरावीचे मांडलिक मोबाइल काढू लागले, आणि शार्दूलरावांचे कपाळी पौषातही घाम आला.

आणि मग सरांनी पुढील चिठ्ठी उघडली आणि वाचून थबकले, पण वाचणे भाग, म्हणोन वाचिले: "कार्यालयीन लिपिक श्रीमती केतकी गायधनी मॅडम, वेळेवर सूचना देऊन आपण केलेल्या सेवेबद्दल वर्ग ऋणी आहे. आपणांस निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा!" एकदम हशा फुटला, मंडप हालला, टाळ्या पडल्या. झाले होते ऐसे की दोन वर्षे ग्रुपवर बाकीच्यांनी गुड मॉर्निंगची फुले आणि हसणारी माकडे धाडिली, आणि केतकीबाईंनी मात्र "उद्या रसायनचं जर्नल आणा," "हॉलतिकिटावर सही राहिली असेल तर ऑफिसात जा," इतकेच लिहिले, यास्तव यंत्राने त्यांस कचेरीतील वयस्क बाई समजोन निवृत्त केले. केतकीबाई उठल्या, रिवाजाप्रमाणे मुजरा केला, आणि हसावयास गेल्या तो ओठ थरथरले. ते पुढील रांगांनी पाहिले आणि हशा जागीच विझला. फार वाईट वाटले, लिहिताना आम्हांसही वाटते.

शार्दूलराव तटकन उठोन बोलिले, "सॉरी सर, हे यंत्र अजून नवीन आहे. पुढच्या वर्षीचं चुकणार नाही." नाईकवाडी सर बोलिले, "बरं. यंत्र चुकलं. तुम्ही तर जुने आहात ना? दोन वर्षं एका वर्गात बसलात. सांगा कुणीतरी हिचं खरं शेलापागोटं." मग शार्दूलरावांनी जुईलीकडे पाहिले, जुईलीने इरफानकडे, आणि इरफानने, ज्यांची जीभ आजवर कधी अडली नव्हती, त्यांनी चपलांकडे. कोणास काही आठवेना. खोड आठवेना, लकब आठवेना, एक फजिती आठवेना. सर बोलिले, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? उगाच यंत्राला शिव्या देऊ नका."

तेव्हा केतकीबाई, ज्या अद्याप उभ्याच होत्या, त्यांनी पदर खोचला आणि मंचावर चढोन माइक हाती घेतला. बोलिल्या, "सर, मला नाही आलं तर राहू दे. मी देऊ का?" आणि मग जे जाहले ते काय वर्णावे! बोलिल्या, "शार्दूल देसाई! याला पुढच्या पंचवीस वर्षांचं सगळं ठाऊक. उद्या कोणतं प्रॅक्टिकल आहे ते मात्र रोज रात्री ग्रुपवर विचारतो." मंडप कोसळावयाचा राहिला. बोलिल्या, "जुईली साबळे! 'मला भूक नाही' म्हणत वर्गातल्या एकूण एक डब्यातलं लोणचं हिनं संपवलं." बोलिल्या, "इरफान तांबोळी! डोळे उघडे ठेवून झोपायची कला. सगळे सर फसले, पण बाबा रे, घोरतोस तू!" आणि मग कोण परीक्षेआधी पेनास नमस्कार करितो, कोण नवे बूट घेतले की आठवडाभर पाय बाकाबाहेर काढून बसतो, एकेक काढिले आणि एकेकाचे पदरी घातिले, आणि शेवटी सरांकडे वळोन बोलिल्या, "आणि नाईकवाडी सर! 'शेवटचं एकच सांगतो' म्हणून पाऊण तास!" सर स्वतः हसून हसून खुर्चीत वाकले आणि चष्मा खाली पडला. ज्याच्यावर येई तो उठोन जमिनीपर्यंत मुजरा करी. तिसऱ्या बाकावरून दोन वर्षे या बाईंनी सर्वांस पाहिले होते, आणि त्यांस कोणी पाहिले नव्हते.

मग माइक ठेवून त्या पायऱ्या उतरू लागल्या, तो मागील रांगेतून इरफान तांबोळी खुर्चीवर चढोन ओरडिले, "ओ लिपिक मॅडम! सगळ्यांची हजेरी घेतलीत, स्वतःची राहिली!"

हसू आधी आले आणि मग सर्वांस उमगले की हेच ते, हेच केतकी गायधनीचे शेलापागोटे, खरेखुरे, आत्ताच्या आत्ता शिवलेले आणि मापाचे. शार्दूलराव उठले आणि मोठ्याने बोलिले, "केतकी गायधनी!" आणि अवघी बारावी एका आवाजे बोलिली, "हजर!" केतकीबाईंनी तेथेच पायरीवर थांबोन मुजरा केला, आणि मग त्या रडल्या, आणि हसल्याही, आणि साडीचे पदरास काजळ लागले. घरी जाऊन आईस काय सांगितले ते आम्हांस ठाऊक नाही, आम्ही बखरकार आहो, कोणाच्या दारास कान लावणारे नव्हे.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. यंत्रे पुढे काय करतील हे यंत्रांस आणि शार्दूलरावांस ठाऊक. दुसरे दिवशी टपरीवर मसलत पुन्हा त्याच विषयावर बैसली, तेव्हा कारभाऱ्यांनी आपले म्हणणे गिळोन आधी बाकाचे टोकास पाहिले आणि पुसिले, "केतकी, तुझं काय म्हणणं आहे?" इतक्यात चहा आला. तो कोणी उचलिला नाही. केतकीबाई बोलू लागल्या, आणि चहा निवाला. लेखनसीमा.