एका बाईचं घर

नलूकाकूंनी मिक्सर लावला की आमच्या गल्लीत दोन आवाज यायचे. एक मिक्सरचा आणि दुसरा काकूंचा. मिक्सर फिरत असेपर्यंत त्या त्याच्याशी बोलत राहायच्या. "हं, होतंय, होतंय. ते खोबरं बघ कसं कोपऱ्यात लपलंय. घे त्याला. शाब्बास!" घरात कोणी काम करत असताना त्याला एकटं टाकून निघून जाणं त्यांच्या मते उद्धटपणाचं होतं. मग काम करणारा माणूस असो नाहीतर मोटर असो. कपडे धुण्याचं मशीन आलं तेव्हा तर त्यांनी त्याच्यापुढे स्टूलच टाकलं. मशीन घुमायला लागलं की काकू समोर बसून त्याला पंख्यानं वारा घालायच्या. "तापतं बिचारं," म्हणायच्या.

झाशीत दतिया गेटच्या आतल्या अंगाला आमची गल्ली. गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं, मधे सामाईक भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा काकूंचे दोन्ही मुलगे नोकरीला बाहेरगावी गेलेले, आणि काका रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त व्हायच्या बेतात होते. गल्लीत कुठलीही नवी वस्तू पहिल्यांदा काकूंकडे यायची. गॅस, मिक्सर, फ्रीज, मशीन, सगळ्यांचा मान त्यांचा. आता प्रत्येक वस्तूनं बाईचा थोडा वेळ वाचतो, हे खरं. पण वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे दुकानदार सांगत नाही. काकूंची खरी अडचण तिथेच होती.

"चला, हे निपटलं. आता?" हे त्यांचं पालुपद. त्यातल्या 'आता?'ची आम्हाला सगळ्यांना धास्ती होती.

मिक्सरमुळे वाटण मिनिटात व्हायला लागलं, तर काकू ताजं आलं आणायला बसनं बरुआसागरला जायला लागल्या. वाटायला मिनिट आणि आणायला अर्धा दिवस. फ्रीज आल्यावर त्यांनी दोन दिवसांचा स्वयंपाक एकदम करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "सरक, पोळ्या मी लाटते. मला जल्दी आहे."

"कसली जल्दी, काकू?"

"ते नंतर बघू."

त्या येताना दिसल्या की मी खरकटी भांडी पलंगाखाली सरकवायची. समोरच्या तिवारीजींची बायको निवडायचे तांदूळ पदराखाली झाकायची. मग काकू आपल्या घरी जाऊन काकांचा चांगला धडधाकट स्वेटर उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या. एका थंडीत दोन्ही बाह्या उसवून झाल्या आणि तेवढ्यात काकूंना पापड लाटायची लहर आली. काका बिचारे फेब्रुवारीपर्यंत बिनबाह्यांचा स्वेटर घालून शाल पांघरून बसले होते. "हवा बरी लागते," एवढंच ते म्हणाले.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. नवी वस्तू आली की काकू तिला हळदकुंकू लावायच्या, हार घालायच्या, पण चालू मात्र करायच्या नाहीत. फ्रीज आला तो भर मे महिन्यात. काका गार पाण्यासाठी तांब्या हातात घेऊन समोर उभे, आणि फ्रीज हार घालून नवरदेवासारखा गप्प. "मुहूर्त व्हायचाय," काकू म्हणाल्या. दिवसभर त्या आतबाहेर करत होत्या. दारात जायच्या, गल्लीच्या तोंडाशी बघायच्या, परत यायच्या. दिवेलागण झाली तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं, तेही अशा चेहऱ्यानं की जसा काही फ्रीज परत करायचाय. मशीन आलं तेव्हाही तेच. आम्ही हसायचो. काकूंचा मुहूर्त कुठल्याच पंचांगात सापडायचा नाही, म्हणायचो.

मग एका उन्हाळ्यात मोठी आंधी आली. कडुनिंबाची फांदी तारांवर पडली, ट्रान्सफॉर्मर जळला आणि गल्लीतली वीज गेली ती गेलीच. आज येईल, उद्या येईल करत दिवस जायला लागले. दुसऱ्या बायका कुरकुरत होत्या. काकूंना मात्र उधाण आलं. माळ्यावरून पाटा-वरवंटा उतरला, धुण्याचा दगड घासून निघाला. आणि एका सकाळी त्या डबलबेडची ओली चादर बादलीत घेऊन आमच्या अंगणात आल्या.

"धर गं एक टोक. पिळायचीय."

मी धरलं आणि जोर लावून पीळ घातला. चादर दोघींच्या मधे नुसती गोल फिरत राहिली, पाण्याचा थेंब निघेना. काकू ज्या बाजूला फिरवत होत्या, त्याच अंगानं मीही फिरवत होते.

"अगं, उलट! उलट फिरव!" काकू हसत सुटल्या. मग हसता हसता थांबल्या. "जिज्जींना सांगावं लागायचं नाही," म्हणाल्या.

जिज्जी म्हणजे त्यांची मोठी जाऊ. थोरल्या बहिणीला इकडे जिज्जी म्हणतात, तसं काकूही जावेला म्हणायच्या. लहान वयात नवरा गेला, एक मुलगी, ती पुढे बबीन्याला दिलेली. मी गल्लीत यायच्या आधीच जिज्जी लेकीकडे राहायला गेल्या होत्या. मला त्यांचं नुसतं नाव ठाऊक होतं.

चादर हातात तशीच धरून काकू बोलायला लागल्या. "मी नवी नवरी आले ना, मला जातं फिरवता येत नव्हतं. जिज्जींनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. मग सगळं दोघींनीच. दळण दोघींनी, धुणं दोघींनी. एकीनं हंडा उचलायचा, दुसरीनं डोक्यावर चढवायचा. भांडणंसुद्धा काम करता करता व्हायची आणि काम संपेपर्यंत मिटायची. पुढे त्यांचा खांदा धरला. वरवंटा ओढला की रात्रभर कण्हायच्या. मी ह्यांच्या मागे लागून मिक्सर आणवला. जिज्जींनी बघितला. म्हणाल्या, 'बरं झालं. आता एका बाईचं घर झालं हे.' आणि चार दिवस जाऊन येते म्हणून बबीन्याला गेल्या."

"तुम्ही सांगितलं नाहीत, की त्यांच्याच खांद्यासाठी आणला?"

"सांगायचं काय त्यात? त्यांना कळायला नको?" काकू एकदम तडकल्या. मग आवाज खाली गेला. "फ्रीज आला तेव्हा निरोप धाडला होता. मशीन आलं तेव्हाही. हळदकुंकू करायला घरातली मोठी बाई नको का? पण आल्याच नाहीत."

म्हणजे तो मुहूर्त हा होता. मी टोक घट्ट धरलं आणि ह्या खेपेला उलट फिरवलं. धो धो पाणी पडलं.

"काकू, बबीना काही विलायतेत नाही. बस आहे."

"बस काय फक्त इथूनच सुटते? तिकडून नाही?"

पण चादर वाळत घालून झाल्यावर दारातून त्यांनी मागे वळून विचारलं, "उद्या रविवार. तुला शाळेत शिकवायला जायचं नाही ना?"

बसमध्ये त्यांना चैन नव्हती. पिशवी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पुढच्या बाईचं रडणारं मूल मांडीवर घेतलं, ते झोपल्यावर परत दिलं. अर्ध्या वाटेवर एकदम उठल्या. "गॅस चालू राहिला बहुतेक. उतरू या."

"मी बंद केलाय काकू. माझ्या हातानं."

"मग दार?"

"काका घरी आहेत."

त्या खाली बसल्या आणि उरलेली सगळी वाट पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिल्या.

बबीन्याला पुतणीचं घर कापडाच्या दुकानामागे होतं. पुतणी आनंदानं पुढे आली. "काकू! ये ना. आईला आम्ही इथं काडीसुद्धा उचलू देत नाही हं. राणीसारखी ठेवलीय." आतल्या खोलीत कूलर घोंघावत होता, आणि त्याच्यासमोर खाटेवर एक लहानखुरी बाई मांडीत हात ठेवून बसली होती. ते रिकामे हात बघून काकू उंबऱ्यातच थांबल्या.

"नलू?" जिज्जींनी डोळे बारीक केले. "काय काम काढलंस एवढ्या लांब?"

वाटभर काकू जुळवाजुळव करत होत्या, ते मी पाहिलं होतं. पण त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे लाइट नाही, जिज्जी. आंधीत गेली. माझ्याच्यानं एकटीनं होत नाही."

जिज्जींनी विचारलं, "आणि लाइट आल्यावर?"

काकूंनी पदराची गाठ सोडली.

"लाइट आल्यावरही होत नाही," त्या म्हणाल्या. "मिक्सर तुमच्या खांद्यासाठी आणला होता. तुम्ही जावं म्हणून नाही."

कूलरच्या आवाजात ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. जिज्जी वाकून, दुखरा खांदा सांभाळत, डाव्या हातानं खाटेखाली चपला शोधायला लागल्या.

"आई, अगं कुठे?" पुतणी घाबरली. "एवढ्या उन्हात? संध्याकाळी निघा की!"

"संध्याकाळपर्यंत?" जिज्जी चपलेत पाय घालत म्हणाल्या. "तोवर ही तुझं घर धुऊन काढेल."