मुराळी कोण जाणार?

आप्पा खोतांच्या मते जगात व्यापार असा काही नव्हताच. होत्या त्या सोयरिकी. कोळसा पुरवणारा म्हणजे व्याही. बँकेचा मॅनेजर म्हणजे मुलाचा मामा, मानपानात कमी पडलं की ऐन वेळी रुसणार. विक्रीकर खात्यातला माणूस म्हणजे आगाऊ आत्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत आप्पा व्यवस्थापक होते आणि मी इंग्रजी पत्रव्यवहार बघत असे. "मुलाकडच्यांना कळवा, बैठक मंगळवारी," असं ते सांगत, आणि मी त्याचं सभ्य व्यापारी इंग्रजी करून टेलेक्सवर धाडत असे.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे खरोखरीची मोठी सोयरीक चालून आली. एक जर्मन कंपनी आणि एक चिनी कारखाना मिळून चीनमध्ये डिझेल इंजिनं काढणार होते. तिथली भट्टी उभी राहीपर्यंत ओतीव भाग आमच्याकडून घ्यायचे, असं घाटत होतं. त्या भरवशावर आमच्या मालकांनी नवी भट्टी बसवली होती आणि रात्रपाळीची माणसं ठेवून घेतली होती. दोन्ही पक्ष आमचं काम पाहायला कोल्हापूरला येणार आणि त्यांच्या आपसातल्या उरलेल्या अटीही इथंच बोलून घेणार, असं ठरलं. त्यांचं फिसकटलं तर भट्टी थंड आणि माणसं घरी.

आप्पांची झोप उडाली. दाढेखाली लवंग धरून ते कारखाना पालथा घालू लागले.

"मास्तर," एकदा मला गाठून म्हणाले, "ह्यात मुलगा कोण आणि मुलगी कोण?"

मी सांगितलं, पैसा आणि यंत्रं जर्मनांची. जागा, इमारत आणि कामगार चिन्यांचे.

"म्हंजे जर्मन तिकडं जाऊन ऱ्हाणार?"

"हो."

"घरजावई हाय की मग!" आप्पा मटकन खुर्चीत बसले. "घरजावयाचं कवा कुणाशी पटलंय वो?"

भागीदारीत एक्कावन्न टक्के चिन्यांचे आणि बाकीचे जर्मनांचे, हे ऐकल्यावर मात्र त्यांना जरा धीर आला. "एक्कावन म्हंजे सासू. सासू कोण ते आधी ठरलं, ही एक गोष्ट बरी झाली." संयुक्त उद्योगांवर मी तेव्हा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचत होतो. त्यातही हेच होतं, फक्त आकृत्या काढल्या होत्या.

पाहुणे आले. मालकांनी भर उन्हाळ्यात सूट चढवला होता. नव्या भट्टीला झेंडूचा हार घातला होता. त्यांनी जागतिक मैत्रीवर जे भाषण केलं, ते चिनी दुभाष्यानं दोन वाक्यांत संपवलं. मालकांना वाटलं, चिनी भाषा फार आटोपशीर असावी.

आप्पा दाराशी उभे राहून फक्त चेहरे वाचत होते. चिनी मंडळी गप्प बसली की माझ्या कानाशी येत, "मोडली बघा." जर्मन साहेबानं घड्याळाकडं पाहिलं की, "मोडली बघा." दोघं हसले तर जास्तच घाबरत. "हसत्यात का? व्याही हसला की मागणं वाढतंय."

शेवटी मी आप्पांना दारातून आत आणून शेजारी बसवलं आणि चाललेलं सगळं हळूच मराठीत सांगू लागलो. दुपारपर्यंत एकच अट उरली. चिनी कारखान्यातली एक इंजिनिअर शिकायला दोन वर्षं जर्मनीला जायची होती आणि शिक्षणात खंड नको म्हणून तिनं मध्ये घरी यायचं नव्हतं. ती तिथंच होती. लिन नावाची, चष्मा लावून वहीत टिपणं घेणारी, त्या घोळक्यातली एकुलती एक बाई. तिला कुणी काही विचारलं नाही. चिन्यांच्या वयस्क प्रमुखानं मान डोलावली. जर्मन साहेबानं पेनाचं टोपण काढलं. मालकांनी श्वास सोडला.

"एक मिनिट," आप्पा म्हणाले. "मुराळी कोण जाणार?"

मालक हसत हसत, पण दात आवळून म्हणाले, "आप्पा, तुम्ही चहाचं बघा."

"चहा हाय. मी इचारतोय, ह्या पोरीला सणाला माघारी आणायला कोण जाणार?"

"तुमचं काय जातंय? तुमची कोण लागती ती?"

"कोण न्हाय. पण तिला कुणी इचारलं न्हाय, म्हणून तिच्यादेखत इचारतोय."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासरी गेलेल्या मुलीला सणासाठी माहेरी आणायला घरचा माणूस जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात, असं मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. दुभाष्यानं ते चिनीत सांगितलं. या वेळी त्यानं काही गाळलं नसावं, कारण लिनचं लिहिणं थांबलं.

जर्मन साहेबानं मला विचारलं, "ही तुमच्या कारखान्याची अट आहे का?"

मालकांचा चेहरा राखेसारखा झाला. पलीकडे नवी भट्टी घुमत होती.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं. मी सांगितलं.

"व्हय म्हणा."

मी होय म्हणालो. भाषांतर करणाऱ्याला स्वतःचं मत नसतं, याचा इतका आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ते बसून राहिले. मग तो वयस्क चिनी गृहस्थ आप्पांकडं बघत हळू आवाजात काही बोलला. दुभाष्या म्हणाला, "दर वर्षी एक महिना घरी. प्रवासाचा निम्मा खर्च आम्ही देऊ." जर्मन साहेबानं खांदे उडवले आणि ते लिहून घेतलं.

सोयरीक जमली. मालक त्या दिवशी आप्पांशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना रिक्षानं घरी सोडायला गेलो. दार त्यांच्या मुलीनं, सुमननं उघडलं.

सुमन निपाणीकडे दिली होती. लग्नाच्या याद्या होताना आप्पांनी भरल्या बैठकीत रुबाबात सांगितलं होतं, "पोरगी तुमची झाली. आमचं काय मागणं न्हाय." व्याह्यांनी ते शब्दशः घेतलं. दर दिवाळीला आप्पा तिला आणायला जायचे, ओसरीवर चहा घ्यायचे, 'पुढच्या वर्षी बघू' हे ऐकायचे आणि उठून एकटेच परत यायचे. शेवटी ती आली ती कायमचीच, आणि आली तीही एसटीनं, एकटी.

"झाली का बैठक?" तिनं विचारलं.

"झाली. एक पोरगी हाय चिन्यांची. लांब चाललीया," आप्पा तिच्याकडं न बघता म्हणाले. "वर्षाला म्हैनाभर माघारी धाडायचं कबूल करून घेतलं."

सुमननं आमच्यापुढं चहा ठेवला.

"आणि न्हाय म्हणाले असते तर?"

"उठलो नसतो," आप्पा म्हणाले. "ह्या खेपेला उठलो नसतो, पोरी."