काल काय केलंत?

शशिकला वाघमारे कुणालाही "कशा आहात?" असं विचारत नसे. ती विचारायची, "काल काय केलंत? उठल्यापासून सांगा." आणि नुसतं विचारून मोकळी व्हायची नाही, समोर ठाण मांडून ऐकत बसायची. मनगटावर आजोबांचं फौजी घड्याळ, पट्टा सैल, डायल आतल्या बाजूला. तुम्ही "मग चहा केला" म्हणालात की लगेच, "किती वेळ लागला? दूध कुणी आणलं? कपबशा कुणी विसळल्या?" चहासारख्या निरुपद्रवी गोष्टीत माझा एवढा जीव जातो हे मला तिच्यामुळे कळलं. माझ्या नवऱ्याला मात्र वाटलं की ही बाई घरात आल्यापासून चहाला उशीर होतो.

आमच्या कॉलेजात ती अर्थशास्त्राला अ‍ॅडहॉक म्हणून लागली होती, म्हणजे नेमणूक एका सत्रापुरती आणि दर सत्राला पोटात नवा गोळा. मी इतिहास शिकवायचे. इतिहासवाल्यांचं बरं असतं, त्यांची माणसं आधीच मेलेली असतात. शशिकलाची माणसं जिवंत होती. इंदूरच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, गिरणीच्या चाळींत धडधाकट पुरुष भरदुपारी खाटेवर पडलेले दिसत होते, आणि त्याच सुमारास आमच्या स्टाफरूममध्ये देशाचा बाजार खुला झाला म्हणून पेढे वाटले गेले. वाटणारे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. तेच शशिकलाचे पीएच.डी.चे गाइड.

ती महूची. आजोबा पलटणीत होते, वडील छावणीत कारकून. आईवडील दोघंही लवकर गेले. भाऊ होता तो नोकरीसाठी लांब गेला आणि तिकडचाच झाला. आमच्या अर्थशास्त्र विभागात बाई म्हणून ती पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना तिचं कौतुक होतं आणि तिला खुर्ची मात्र नव्हती. रोज महूहून येणंजाणं जमेना, तेव्हा मी तिला छत्रीबागेतल्या आमच्या घरातली वरची खोली दिली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, ऐकलं, "असं का" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं "असं का" आम्ही घरातले ओळखून होतो. दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी तिच्यापुढे वेगळा पेला आला. शशिकलाने तो पाहिला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आजी, काल काय केलंत? उठल्यापासून सांगा."

सासूबाईंना हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. त्या दुपारी सुरू झाल्या त्या दिवेलागणीपर्यंत सकाळच्या आमटीशीच होत्या. वेगळा पेला पुढे कुठे गेला ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तिच्या या खोडीपायी लोक रस्ता बदलत. प्रिन्सिपॉलसाहेबांनाही तिने विचारलंच, भर मीटिंगमध्ये. ते बिचारे "डाक पाहिली, सह्या केल्या" इथवर आले आणि पुढे त्यांना काही आठवेना. शेवटी म्हणाले, "वाघमारे, हे सब्जेक्ट में नाही बसत." एकदा देवासहून एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, बँकेत होता. पोहे आले, शेव आली, आणि शशिकलाने मुलाच्या आईला विचारलं, "काल काय केलंत?" ती बाई आधी हसली, मग सांगायला लागली, आणि सांगता सांगता पदर डोळ्याला लावून रडायला लागली. स्थळ अर्थातच गेलं. ती बाई मात्र इंदूरला आली की आमच्याकडे येत राहिली. मुलगा परत दिसला नाही.

तर हा सगळा आमच्या दृष्टीने वेडेपणा, तिच्या दृष्टीने अभ्यास. रोज दुपारी तास संपले की ती गिरणीच्या चाळीत जायची. तिथे बायकांना सरळ विचारलं, "काय काम करता?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, मॅडम, घरीच असते." आणि हे बोलताना बाईच्या पुढ्यात पोळपाट असायचा. ठेकेदार सकाळी पापडाचं पीठ वजन करून देऊन जायचा, बाई दिवसभर लाटायची, छतावर वाळवायची, संध्याकाळी मोजून परत द्यायची. कुणी तयार कपड्यांचे धागे कापायची, कुणी शेवेच्या पुड्या भरायची. पुरुषांनी गिरणीत मशीन चालवली म्हणून ते काम. बाई घरात बसून लाटते म्हणून ते घरीच असणं. "घरीच असते" हे शब्द ऐकले की शशिकलाच्या कपाळाची शीर उठायची. म्हणून तिने प्रश्नच बदलला होता. ती काम विचारत नसे, काल विचारायची.

शिवाय कागद काढायची नाही. "कागद पाहिला की बाई जपून बोलते, वहिनी," असं मला सांगायची. ती तिथे पोळपाट मागून घेऊन लाटायला बसायची. तिचे पापड नकाशासारखे व्हायचे, ठेकेदार ते काढून टाकायचा, तरी बायका तिला लाटू द्यायच्या. सगळ्यात जास्त द्वारकाबाईकडे. तिचा नवरा साचेखात्यात होता, म्हणजे मागावर. सांवेर रोडच्या कारखान्यांत फिरून फिरून त्याने चपला झिजवल्या, तिथे त्याच्या वयाचा माणूस कुणालाच नको होता. मग तो खाटेवर पडला तो पडलाच. द्वारकाबाई शशिकलाला गरम भाकरी द्यायची, वर मिरचीचा ठेचा, आणि रागवायची, "किती वाळल्या तुम्ही, मॅडम. घरी कोणी बघणारं नाही का?" या रागावण्याचं वर्णन शशिकला मला रोज रात्रीच्या जेवणात तिखटमिठासह ऐकवायची.

विभागप्रमुखांना हे पसंत नव्हतं. "अहो, सारा देश बाजार उघडतोय, आणि तुम्ही डबे उघडून काय बघता?" असं ते म्हणत. पण कॉलेजात चर्चासत्र ठरलं, वक्ते कमी पडले, आणि तिला बोलायची संधी मिळाली. नारळ, शाल, हार. अध्यक्षस्थानी एक मोठे अधिकारी. शशिकला हिंदीतून बोलली. गिरण्या बंद झाल्या तरी ही घरं उभी कशी, तर या बायकांच्या कमाईवर. त्या बेकार नाहीत, त्या कामगार आहेत, त्यांना तसं म्हणा. इतकं चांगलं भाषण मी त्या हॉलमध्ये ऐकलं नाही. अधिकारी उठून टाळ्या वाजवत होते. पेपरात बातमी आली. विभागप्रमुख एकदम तिला "आमची शशिकला" म्हणायला लागले, आणि कायमच्या जागेसाठी तिचंच नाव जाणार असं कळलं. त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला.

आता पुढचं सांगायला मला जड जातं. त्या चाळींत बंद गिरणीच्या कामगारांना मदतीचा गहू मिळायचा. अट अशी की घरात कुणी कमावतं नसावं. चर्चासत्रानंतर थोड्याच दिवसांत तपासणीला माणसं आली. आजवर त्यांनी दारातल्या पोळपाटांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आता पोळपाट दिसला की ते नाव कापत गेले. द्वारकाबाईने विचारलं, "का हो, साहेब?" तर तो माणूस म्हणाला, "आप के ही मॅडमने बोला ना, घर में कमाई है."

शशिकला दुसऱ्या दिवशी चाळीत गेली तेव्हा दारं लावलेली होती. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं ती म्हणाली.

बायकांनी अर्ज केला, सुनावणी लागली, आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने जाणकार म्हणून शशिकलालाच बोलावलं. आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये घेतलं. मी बाहेरच उभी होते, ऐकू येत होतं. "हे बघा, वाघमारे, पेपरात आलंय ते खरंच आहे. तिथे जाऊन उलटं बोललात तर मी तुमचा गाइड नाही. आणि जागेचंही विसरा." ती "बरं, सर" म्हणून बाहेर आली.

मी तिच्यासोबत गेले. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, द्वारकाबाई मागे. शशिकलाने आधी भांडून पाहिलं. काम आहे, पण त्यात पोट भरत नाही, नियम बदला, हे तिने तीन तऱ्हांनी सांगितलं. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आप सही होंगी. पर मेरे पास दो ही खाने हैं. कमानेवाली, न कमानेवाली. किसमें लिखूँ?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बायकांकडेही नाही. मग म्हणाली, "न कमानेवाली लिखिए. ये औरतें कोई काम नहीं करतीं. मेरी स्टडी गलत थी."

"लिखकर देंगी?"

"दूँगी."

तिने लिहून दिलं. बायकांचा गहू परत सुरू झाला. कॉलेजात ही गोष्ट चाळीच्याही आधी पोचली, आणि सत्र संपल्यावर तिला पुन्हा घेतलं नाही. पीएच.डी.ही इथली राहिलीच. पुढे ती दुसऱ्या शहरात गेली, तिथे नव्याने सुरुवात केली, आणि आज बायकांच्या न दिसणाऱ्या कामाबद्दल बोलायचं तर आधी तिचं नाव घेतात. भाषणाआधी तिची ओळख करून देतात त्यात इंदूर नसतं. तिने ते गाळलंय की लोकांना माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

सुनावणीच्या त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणी हात धरला, कुणी पाया पडायला वाकली. द्वारकाबाई लांब उभी राहिली. शशिकला तिच्याजवळ गेली.

"गहू मिळेल, चांगलं झालं," द्वारकाबाई म्हणाली. "पण तुम्ही तसं म्हणायला नको होतं, मॅडम."

"नाव परत चढलं नसतं, द्वारकाबाई."

"ते समजतं मला. मी अडाणी आहे, पण इतकं समजतं." तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "आमचे हे रोज म्हणतात, तू दिनभर करते तरी काय. मी म्हणायची, कॉलेजच्या मॅडमला विचारा, त्या सांगतील. आता त्यांना काय सांगू?"

आणि ती टेम्पो पकडायला निघून गेली, कारण ठेकेदाराचं पीठ घरी पडलं होतं.

मला वाटलं शशिकला आता घरी येईल. ती म्हणाली, "वहिनी, चाळीत जाऊ." आम्ही गेलो. द्वारकाबाई लाटायला बसली होती, नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून. शशिकला खाटेसमोर उभी राहिली.

"दादा, मी आज साहेबासमोर खोटं बोलले. तुमच्या गव्हासाठी बोलले. तुमची बायको सकाळपासून रात्रीपर्यंत काम करते. गिरणी बंद झाल्यापासून हे घर ती चालवते. मी रोज बघितलंय. बाहेर हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगायला आले."

तो उठून बसला. दाढी वाढलेला, उंचापुरा माणूस. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मालूम आहे मला, मॅडम," तो म्हणाला. "माहीत आहे म्हणूनच तोंडातून तसं निघतं." आणि आमच्यादेखत तो हुंदके देऊन रडायला लागला. मला कुठे बघावं कळेना.

द्वारकाबाई उठली. पिठाचे हात तसेच. तिने नवऱ्याच्या आणि आमच्या मध्ये उभं राहून, अगदी हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही जा. आणि काही दिवस नका येऊ."

आम्ही चालतच निघालो. खान नदीच्या पुलावर शशिकला थांबली. नदीला तेव्हाही वास यायचा, लोक नाकाला रुमाल लावून भराभर जात होते, ही कठड्याला धरून उभी. मला वाटलं ती नोकरीचं बोलेल, पीएच.डी.चं बोलेल. मी मनात धीराचे चार शब्द जुळवून ठेवले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "उद्या दुपारी मी कुठं जाऊ हो?"

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की ती त्या घरांत अभ्यासाला जाते. मला एकदम गलबलून आलं. मी तिचा हात कठड्यावरून सोडवून घेतला, आणि आम्ही घरी आलो.