सोपानआबांचं साखरेचं खातं

आमचे शेजारी सोपानआबा रोज संध्याकाळी आमच्याकडून वाटीत साखर उसनी नेतात आणि सकाळी परत आणून देतात. तीच साखर. एकदा तिच्यात मेलेली मुंगी गेली होती, ती मुंगीसुद्धा सकाळी जशीच्या तशी परत आली.

वाटी भरून दिली तर घेत नाहीत. "सूनबाई, तिसऱ्या हिश्श्याच्या वर उचलायचं नसतं. माणूस हपापल्याला दिसतो." मग मी वरची साखर डब्यात ओतते. मोठ्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही, आणि आबांना समोरच्याने बोलायची गरजही पडत नाही.

काटेवाडीच्या बाजूला उसात आमची वस्ती आहे. आबा कारखान्याचे सभासद, त्यांच्या घरात साखर पोत्याने असते. तरी हे चालतं. हे खूळ आलं ते बारामतीच्या बँकेतून.

त्याआधी आबांचं एकच भजन होतं: "उभ्या जन्मात कुणाचं देणं केलं न्हाय." पाण्याची मोटार रोख, लेकीचं लग्न रोख. लग्नात सांगायचे, दहाव्याला सांगायचे. एकदा तर म्हशीच्या डॉक्टरला सांगत बसले. त्याचा हात तेव्हा कोपरापर्यंत म्हशीत होता. तो म्हणाला, "आबा, जरा शेपूट धरा."

बँकेच्या दाराशी एक पोरगी टेबल मांडून बसायची. "आबा, क्रेडिट कार्ड घ्या ना." आबा तिला हाताने माशी वारल्यासारखं वारायचे. एक दिवस उन्हातून गेले. पंखा नेमका तिच्या टेबलापाशी होता, म्हणून बसले. बसले म्हणून सही केली. काही दिवसांनी मोबाईलवर निरोप आला की कार्ड मिळणार नाही.

"म्या मागितलंच न्हवतं!" आबा वस्तीभर ओरडत फिरले. "हिनंच गळ घातली, आन् आता हीच न्हाय म्हणती!"

त्याच आठवड्यात पलीकडच्या बबनरावांना कार्ड आलं, लाखाच्या लिमिटचं. बबनरावांनी हप्त्याशिवाय कधी काही घेतलेलं नाही. ट्रॅक्टर हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बँकेत.

पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही कर्जच कधी घेतलं नाही. तुमचा इतिहासच नाही. बबनराव हप्ते वेळेत भरतात, ते बँकेला दिसतं. तुमचं काय बघायचं?"

"म्हंजी मी सरळ वागलो ही चूक?"

"चूक नाही हो. पण तुम्ही घेतलेलं परत करता का नाही, हे कळणार कसं?"

आबांची लेक अमेरिकेत असते. तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. "आबा, नवीन आले तेव्हा मलापण कार्ड देत नव्हते. गाडीचा विमासुद्धा महाग लागला. इथं पैसे कसे फेडलेत ते बघून विम्याचा दर लावतात." हेही आबांनी वस्तीभर सांगितलं. "उसनं मी बुडवायचं, आन् दंड गाडीला! गाडीचा काय गुन्हा?"

शेवटी पोरीने तोड काढली. बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्यावर कार्ड घ्यायचं. "माझंच पैसं गहाण, आन् मलाच उधार!" म्हणत आबांनी घेतलं. आता महिन्याला त्या कार्डावर चहापावडरचा एक पुडा आणतात आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरायला बँकेत हजर. "आबा, बिल तरी होऊ द्या," पोरगी म्हणते. "तुमी सवडीनं करा. मी आधीच मोकळा हुतो."

तिने आबांना सांगून ठेवलंय, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर उचलू नका, वेळेत फेडा, आणि जुनं खातं कधी बंद करू नका, त्याने इतिहास तुटतो. आबांनी हे बँकेपुरतं ठेवलं नाही, सगळ्या वस्तीला लावलं. कुणाचं खोरं नेतात, धुऊन परत देतात. वर सगळ्यांना मार्क देतात. बबनरावांनी नेलेला फवारणीचा पंप अजून परत केलेला नाही. "बँकेत तुझा इतिहास झ्याक असंल, बबन. वस्तीत तू नापास हायस."

आमच्याकडे आबांना पैकीच्या पैकी मिळाले असते, पण वाटीचा घोळ होता. सकाळी येतात, साखर आमच्या डब्यात ओततात आणि वाटी घेऊन घरी जातात. वाटी आमची आहे. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची. माहेरहून आलेल्या सहांतली एक. तिच्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

नवरात्राआधी भांडी घासायला काढली आणि आत्याबाईंनी वाट्या मोजल्या. पाच.

"त्या म्हाताऱ्याचा इतिहास घाल चुलीत," त्या म्हणाल्या. "माझी वाटी घिऊन ये. वाटी घेतल्याबिगर घरात येऊ नको."

मी गेले. आबा ओट्यावर बसले होते. गेल्या साली रखमाकाकी, म्हणजे त्यांची बायको, वारल्या. तेव्हापासून घरात ते एकटेच. उघड्या दारातून फळीवरची वाटी दिसत होती. मी नुसती वाटीकडे बघत राहिले.

"वाटी न्यायला आलीस व्हय?"

मी मान हलवली.

आबा आत गेले. खांद्यावरच्या टॉवेलने वाटी पुसत बाहेर आले. दिली मात्र नाही.

"ही वाटी म्या आणल्याली न्हाय, आमच्या हिनं आणल्याली. ही गेल्यावर फडताळात घावली. मी गावभर सांगत हिंडायचो, कुणाचं देणं न्हाय म्हणून. आन् ही पदराखाली वाटी झाकून तुमच्याकडनं इरजण आणायची."

ते मला माहीत होतं. काकी विरजणाला यायच्या आणि आत्याबाईंशी तासभर बोलत बसायच्या.

"घरात दह्याचं गाडगं भरल्यालं असायचं, सूनबाई. मग इरजणाला कशाला जायची, ते आत्ता कळतंय. ही गेली, आन् दाराची कडी कुणी वाजवंना. कोण वाजवील? इतिहास तिचा हुता. माझा कोरा." त्यांनी वाटी पुन्हा पुसली. "ही वाटी दिली म्हंजी तिचं खातं बंद. जुनं खातं बंद करायचं नसतं."

आणि वाटी माझ्यापुढे धरली. "पर तुमची हाय. ने."

मी वाटी घेतली नाही. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "आबा, जराशी साखर पाहिजे हुती."

आबा बघतच राहिले. मग लगबगीने आत गेले. पोत्याची सुतळी सुटेना, तिच्याशी भांडले. दुसऱ्याच एका वाटीत साखर घेऊन आले, शीग लावून. साखर ओट्यावर सांडत होती.

"आबा, तिसरा हिस्सा..."

"तुला लिमिट न्हाय," आबा म्हणाले.

घरी आत्याबाई दारातच उभ्या होत्या. मी वाटी पुढे केली. त्यांनी साखर डब्यात ओतली, वाटी फिरवून बघितली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही.

"माझं नाव न्हाय हे. कुणाचं हाय?"

"रखमाकाकींचं."

आत्याबाई मोरीकडे वळल्या. वाटी धुतली, पुसली आणि मांडणीवर पाच वाट्यांच्या शेजारी ठेवली.

"झाल्या सहा," त्या म्हणाल्या. "सकाळी साखर तेवढी दिऊन ये. उशीर करू नको, म्हातारा मार्क कापंल."