पाण्यात ढकललेला नवरा

"हजारो अक्कलदाढा उपटल्यात मी! एक माणूस पाण्यातून उपटता येणार नाही?" असं ओरडत दातांच्या डॉक्टरीणबाई घरात शिरल्या, आणि त्यांनी पर्स अशी आपटली की सोफ्यावर पेंगणारा नवरा दचकून उठून बसला.

झालं होतं असं. बाईंना तलावात शिडाची होडी एकटीने न्यायची होती. होडी शिकवणाऱ्या क्लबच्या मास्तरांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी अट घातली, की पाण्यात पडलेला माणूस एकटीने होडीत घेऊन दाखवा, मग परवानगी.

"अहो, मी एकटी असताना पडणार कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही."

"मग मला काढणार कोण?"

"नियम म्हणजे नियम, मॅडम."

भिंतीवर डोकं आपटावं, तसं ते उत्तर! त्यात नवऱ्याने आगीत तेल ओतलं. जांभई देत म्हणाला, "बरोबरच आहे त्यांचं. तुला साधी गाडी मागे घेता येत नाही, माणूस कुठला मागे घेतेस!"

बाई ताडकन वळल्या. त्यांनी कपाटातून नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट ओढला, पँट ओढली आणि दोन्हींत जुने पडदे आणि रिकाम्या बाटल्या कोंबल्या. डोक्याच्या जागी फुटबॉल शिवला, त्यावर टोपी. पोट जरा जास्तच भरलं गेलं, पण त्यामुळे साम्य वाढलं. नवरा तोवर पुन्हा घोरू लागला होता. बुजगावणं काखोटीला मारून बाई तलावावर गेल्या. धक्क्यावरून दिसेल एवढ्या अंतरात सरावाला मुभा होती.

वारा झकास होता. मध्यावर पोचल्यावर बाईंनी समोर बसवलेल्या बुजगावण्याकडे पाहिलं. "गाडी मागे घेता येत नाही काय?" असं म्हणत त्यांनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. धप्प!

मग होडी वळवली. पहिल्या वेळी वेग इतका होता, की बुजगावणं बाजूने सर्रकन निघून गेलं. "थांब की जरा!" बाई ओरडल्या. दुसऱ्या वेळी होडी थेट त्याच्या अंगावरूनच गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी लांब काठीच्या आकड्याने त्याला बरोबर अडकवलं, जीव खाऊन ओढलं, आणि हातात आली नुसती पँट!

"आयुष्यभर हेच केलंस!" बाई पाण्यावर काठी आपटत कडाडल्या. "कधी वेळेवर हाताला लागलास? आता बुडतोयस तरी धड बुड ना!"

तेवढ्यात धक्क्याकडून मोटारबोट सुसाट आली. तिच्यात कप्तान उभे होते, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, काठी खाली टाका! तुमच्या नणंदेचा फोन आला! तुम्ही मिस्टरांना ढकललंत आणि आता झोडपताय म्हणे!"

नणंद तलावासमोरच सहाव्या मजल्यावर राहत असे, आणि गॅलरीत उभं राहून दुर्बिणीतून पक्षी बघत असे. आज तिला भलताच पक्षी दिसला होता.

"अहो, ते बुजगावणं—" बाई सांगू लागल्या. पण तेवढ्यात पट्ट्यांचा शर्ट पाण्याखाली जाऊ लागला, आणि कप्तानांनी बुटांसकट उडी घेतली!

त्यांनी शर्टाची कॉलर धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं. फुटबॉल! दचकून त्यांनी भलामोठा आ वासला आणि त्यात तेवढंच पाणी गेलं. ठसका लागला. बूट जड झाले. रिकामी मोटारबोट वाऱ्यासरशी लांब चालली होती. "पायात गोळा आलाय!" एवढंच ते म्हणू शकले, आणि डोकं खाली गेलं.

बाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. हा फुटबॉल नव्हता! हा पुन्हा पुन्हा वर येणार नव्हता. त्यांनी दात-ओठ खाऊन सुकाणू फिरवलं, होडीचं तोंड वाऱ्याकडे आणलं, शीड सैल सोडलं. शीड फडफडलं आणि होडी हळूहळू मंदावत कप्तानांच्या डोक्याशी जाऊन थांबली. बाईंनी दोराचा फास त्यांच्या काखेत अडकवला.

"पाय ठेवा शिडीवर! मागची शिडी! तोंड बंद ठेवा!" असं त्या दवाखान्यात कधी कुणाला म्हणाल्या नव्हत्या.

एक हिसका, दुसरा हिसका, आणि कप्तान एखाद्या हट्टी दाढेसारखे होडीत येऊन पडले.

बराच वेळ ते नुसते खोकत होते. मग म्हणाले, "मॅडम, परवानगी दिली."

"खड्ड्यात गेली तुमची परवानगी!" बाई ओरडल्या. राग परत आला होता, पण हात अजून दोर सोडत नव्हते.

धक्क्यावर गर्दी जमली होती. नणंद हुंदके देत धावत आली होती. तिच्या मागून झोपेतून उठवून आणलेला नवरा पायजम्यावर उभा. बहिणीने त्याला बघून "दादा!" म्हणून मिठी मारली ती सोडेचना.

"मी मेलो हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं!" नवरा भडकला होता. मग बहिणीकडे वळून जरा हळवा होत म्हणाला, "पण तू मात्र मला बुडताना बघितलंस आणि लगेच फोन केलास ना?"

नणंदेने डोळे पुसले. वहिनीकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"लगेच म्हणजे... तिने काठी मारली तेव्हा."

"आणि ढकललं तेव्हा?"

"तेव्हा म्हटलं," नणंद नाक ओढत म्हणाली, "दादाच काहीतरी बोलला असेल."