कोळशाच्या रेघा

त्या सकाळी आम्ही दोघं सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. म्हणजे मी बांधायचो अन् सगुणा, माझी बायको, त्या सोडून पुन्हा बांधायची. मधेच तिनं कुडाच्या भिंतीवर कोळशानं तीन रेघा ओढल्या. म्हणाली, "हा परत जेलात जाईन."

'हा' म्हणजे गणपत. सकाळीच अकोल्याच्या जेलातून सुटून आमच्या मळ्यात काम मागाले आला होता. इंग्रजाच्या राज्यात असे सुटलेले लोक आमच्याकडंच येत, अन् सगुणा त्यांची परीक्षा घेई. भाकरीभोवती हात आडवा धरून जेवला, एक रेघ. "न्यायले कोन आलं होतं?" म्हटल्यावर मान खाली गेली, दुसरी. उघड्या फाटकाशीही कोणी 'जा' म्हणायची वाट पाहत थांबला, तिसरी.

भाजी न्यायले आलेला जेलरसाहेब एकदा हसला. "बाई, चोरी कशाची केली ते विचारलंच नाही!"

"ते कालचं झालं, सायेब. मी उद्याचं पाहून राहिली."

बिनरेघेचा गडी ती शेजारच्या सोनूजीकडं धाडायची. तीन रेघांचा माझ्या गळ्यात. सोनूजीच्या मळ्यात सारे सभ्य, आमच्यात सारे चोर!

"असं उलटं काहून वं?" मी बोंबलायचो.

"बिनरेघेच्याले कोनीबी ठेवते. अन् रेघ पुसाचीच असते, म्हनून त कोळशाची."

पुसायचीही. गडी हात मोकळा सोडून जेवू लागला की पदरानं एक रेघ पुसायची.

त्या सकाळीही रेघा ओढून झाल्यावर "गनपतले उद्या याले सांगजा," म्हणाली. दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् सगुणा गेली. दिवस मावळायच्या आत अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूजीनं भाकर आणली. खाता खाता पाहतो तर माझा हात भाकरीभोवती आडवा. उठलो, तर दारातच थबकलो. रोज ती म्हणायची, "जा आता, ऊन झालं."

फाटकाशी गणपत उभा होता.

"जाय बा," सोनूजी त्याले म्हणाला. "बाई गेली. आता काम नाही."

तो वळला.

"थांब बे!" मी ओरडलो. "बैल जुंप. मोट चालवू."

"सुतकात?" सोनूजी म्हणाला.

"मेथीले सुतक नसते."

गणपत बैलांकडं गेला. मी कोळसा घेतला, त्याच्या रेघांजवळ माझ्या दोन ओढल्या. तिसरी ओढली नाही. मले न्यायले गणपत आला होता.